माळरानावर तासन्‌तास बसायचं असेल तर दुर्बीण कशी निवडावी

बारामती तालुक्यातलं मयूरेश्वर, कर्जतजवळचं रेहेकुरी, इंदापूरकडची कडबनवाडी, सोलापूरचं नान्नज. या माळरानांवर प्राणी बघायचे तर चालत फिरण्यापेक्षा एका जागी बसणं जास्त कामाचं. उघड्या माळावर आडोसा नसतो. तुम्हाला चिंकारा दिसायच्या कितीतरी आधी त्याने तुम्हाला पाहिलेलं असतं. त्यामुळे उजाडायच्या आत एखादं टेकाड गाठायचं, खाली बसायचं आणि दुर्बिणीने समोरचा माळ तुकड्यातुकड्याने शोधायचा, हाच मार्ग उरतो.

ही पद्धत डोंगराळ मुलखातल्या शिकाऱ्यांनी घासूनपुसून तयार केली आहे. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये कूझ नावाच्या लहानखुऱ्या हरणामागे जाणारे लोक १५×५६ ची (म्हणजे पंधरा पट जवळ दाखवणारी) दुर्बीण ट्रायपॉडवर चढवतात आणि एकाच उतारावर तासन्‌तास नजर फिरवत बसतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला आणि ते अगदी योग्य झालं. पण बसून शोधण्याची ती शिस्त प्राणी-पक्षी पाहणाऱ्याने जरूर उचलावी. माळावरचा लांडगा, खोकड, तरस हे सगळे त्याच शिस्तीने दिसतात.

अशा बैठकीसाठी दुर्बीण घेताना दुकानदाराला सगळे एकच विचारतात, ‘किती लांबचं दिसतं?’ खरं विचारायला हवं ते स्वतःला: ही दुर्बीण दोन तास डोळ्यांना लावली तर डोळे, मान आणि खांदे टिकतील का? पुढचं सगळं या प्रश्नाभोवती आहे.

आधी तुमची गरज ठरवा

माळावर सकाळ-संध्याकाळ बसणार असाल, तर उजेड कमी असताना चांगलं दिसणं आणि दृश्य रुंद असणं महत्त्वाचं. भिगवणला उजनीच्या पाण्यात नावेतून पट्टकादंब आणि रोहित बघायचे असतील, तर नाव डुलत असते, त्यामुळे स्थिर चित्र मोलाचं. सह्याद्रीच्या दाट रानात फिरणार असाल तर वजन कमी हवं आणि दोन-तीन मीटरवरचं फुलपाखरूही फोकसमध्ये यायला हवं. बुद्धपौर्णिमेला वनविभागाच्या निसर्गानुभव उपक्रमात मचाणावर रात्र काढायची असेल, तर चांदण्यात दिसण्याला सगळ्यांत जास्त किंमत. तुमचा जास्तीत जास्त वेळ यातल्या कुठे जाणार ते कागदावर लिहा. सगळ्या कामांना तितकीच चांगली असणारी दुर्बीण कुणी बनवत नाही.

दोन आकडे नीट वाचा

दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे चित्र किती पटीने जवळ येतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये.

पटीचं गणित सोपं आहे. २०० मीटरवरचा लांडगा ८ पटीच्या दुर्बिणीतून २५ मीटरवर असल्यासारखा दिसेल, १० पटीच्या दुर्बिणीतून २० मीटरवर. फरक पाच मीटरचा. हा फरक मिळवताना काय गमावतो तेही बघा. हाताची थरथरही दहापट होते. दृश्याचा घेर आक्रसतो. जवळ-लांबच्या गोष्टी एकाच वेळी स्पष्ट दिसण्याची खोली कमी होते, म्हणजे फोकसचं चाक सारखं फिरवावं लागतं. हातात धरून दीर्घकाळ बघणाऱ्या नवख्या माणसाला म्हणूनच मी बेधडक ८ पटीचीच सुचवतो. दहाची घ्या, पण ती टेकवायची सोय करणार असाल तरच. बारा किंवा पंधराची दुर्बीण ट्रायपॉडशिवाय निरुपयोगी.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५. दुर्बिणीच्या मागच्या बाजूने डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा हा व्यास, मिलिमीटरमध्ये. याला एक्झिट प्युपिल म्हणतात. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडते, त्यामुळे दुपारी ८×२५ ची छोटी दुर्बीणही उजळ वाटते. पण झुंजुमुंजू होताना बाहुली पाच-सहा मिलिमीटरपर्यंत मोठी होते, आणि लांडगे नेमके त्याच वेळी हिंडत असतात. तेव्हा ८×२५ मधून येणारा ३ मिलिमीटरचा झोत तोकडा पडतो, ८×४२ चा ५.२५ पुरतो. तरुण डोळ्यांची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंतही जाते, म्हणून मचाणावरच्या रात्रीसाठी ७×५० हा जुना, जाडजूड नमुना आजही उत्तम. वय वाढतं तशी बाहुली कमी उघडते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला एवढ्या मोठ्या झोताचा पूर्ण फायदा मिळेलच असं नाही, वजन मात्र पूर्ण मिळतं.

याचा दुसराही उपयोग आहे. झोत मोठा असला की डोळा जरा इकडेतिकडे सरकला तरी चित्र जात नाही. तासभर बघताना डोळ्यांवर ताण येतो तो बहुतेक वेळा याच सरकण्यामुळे, कारण झोत बारीक असेल तर दर क्षणी डोळा नेमक्या जागी धरून ठेवावा लागतो. दिवसाउजेडीच बघणार असाल तरी दीर्घ बैठकीला मी ४ मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाही.

८ ते २४ पट अशी झूम दुर्बीण घेऊ नका. कमी पटीला तिचा घेर अरुंद असतो, जास्त पटीला चित्र काळवंडतं, आणि दोन्ही नळ्यांची झूम एकसारखी राहणं कठीण. बाजारात ‘३०×६०’ असं छापलेल्या खिशात मावणाऱ्या दुर्बिणी मिळतात. साधी मोजपट्टी पुढच्या भिंगावर ठेवा. व्यास तिशीच्या आत भरला, तर त्या छापील आकड्यावर आणि बनवणाऱ्याच्या बाकी कुठल्याही दाव्यावर विश्वास ठेवायचं कारण उरत नाही.

घेर बघायला विसरू नका

१००० मीटर अंतरावर किती मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, हे माहितीपत्रकात दिलेलं असतं. कधी ते अंशांत असतं. एक अंश म्हणजे साधारण १७.५ मीटर. निकॉनच्या मोनार्क एम-५ आणि एम-७ या दोन्ही ८×४२ मध्ये मिळतात. पहिलीचा घेर ६.४ अंश, म्हणजे ११२ मीटर, दुसरीचा ८.३ अंश, म्हणजे १४५ मीटर. पट तीच, पण माळावर शोधताना हा फरक ठळक जाणवतो. भोवत्या (हॅरियर) हा शिकारी पक्षी गवतावरून तिरपा निघून गेला की अरुंद घेरात तो पुन्हा सापडत नाही. दोन मॉडेल्समध्ये अडकला असाल आणि बाकी सगळं सारखं असेल, तर रुंद घेराची घ्या.

तुमचे डोळे, तुमचा चष्मा

चष्मा असेल तर माहितीपत्रकात आय रिलीफ शोधा. मागच्या भिंगापासून किती अंतरावर डोळा ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं, ते हे अंतर. चष्मेवाल्यांना किमान १६ मिलिमीटर हवं. कमी असेल तर चित्राच्या कडा कापल्या जातात, जणू दरवाजाच्या फटीतून बघतोय. निकॉनची ॲक्युलॉन ८×४२ ही स्वस्तातली चांगली दुर्बीण आहे, पण तिचं आय रिलीफ १२ मिलिमीटर, त्यामुळे चष्मा लावणाऱ्यांनी ती टाळावी. चष्मा असेल तर आयकप (मागच्या भिंगाभोवतीची रबरी कडी) पूर्ण आत, नसेल तर बाहेर ओढून बघायचं.

दोन डोळ्यांतलं अंतर माणसागणिक वेगळं. दुर्बीण मधल्या बिजागरीवर वाकवा आणि दोन वर्तुळांचं एक स्वच्छ वर्तुळ होतं का ते पाहा. चेहरा अरुंद असेल, किंवा घरातली मुलंही वापरणार असतील, तर काही जाडजूड दुर्बिणी पुरेशा मिटतच नाहीत. हे दुकानातच कळतं, माहितीपत्रकात सहसा लक्ष जात नाही.

आतलं काच-काम

इथे जास्त खोलात जायची गरज नाही. दुर्बिणीत चित्र सरळ करणारे काचेचे लोलक, म्हणजे प्रिझम, दोन तऱ्हेचे असतात. नळ्या मध्येच वाकड्या, पुढे रुंद, तो पोरो. झाइसने १८९४ मध्ये पोरो प्रिझमच्या दुर्बिणी विकायला काढल्या, आणि आजही कमी पैशांत उत्तम चित्र हवं असेल तर पोरोसारखा सौदा नाही. सरळ नळ्यांची ती रूफ प्रिझम. ती आटोपशीर असते आणि पाण्यापासून तिचं रक्षण करणं सोपं जातं, पण तिच्या प्रिझमवर फेज कोटिंग (प्रकाशलहरींचा मेळ राखणारा पातळ थर) नसेल तर बारीक तपशील धूसर होतो. झाइसनेच ते १९८८ मध्ये आणलं, आता मध्यम किमतीतही मिळतं. रूफ घेताना फेज कोटिंग आहे का हे नक्की विचारा. भिंगांच्या सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थरांचं कोटिंग असावं. ईडी काच (रंग कमी फाकवणारी) असेल तर उजळ आकाशासमोरच्या पक्ष्याभोवती जांभळी-हिरवी किनार कमी दिसते.

आत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेली, जलरोधक दुर्बीण घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे जवळजवळ अनिवार्य आहे. वातानुकूलित खोलीतून कोकणच्या दमट हवेत आलात तर साध्या दुर्बिणीच्या आतल्या बाजूलाही बाष्प धरतं आणि तिथूनच बुरशी सुरू होते.

दुकानात काय करायचं

दुकानातल्या दिव्यांत सगळ्याच दुर्बिणी छान दिसतात. मालकाला विनंती करून दारात या, शक्यतो संध्याकाळी उजेड उतरताना. दोन-तीन मॉडेल्स शेजारी ठेवा आणि एकच गोष्ट सगळ्यांतून बघा.

सुरुवात दुर्बीण हातभर लांब धरून करा. मागच्या भिंगांत उजेडाचे दोन ठिपके दिसतील. ते स्वच्छ गोल हवेत. कडा करड्या आणि चौकोनी वाटल्या तर प्रिझमची काच हलकी आहे. मग ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पुढच्या भिंगात पाहा. हिरवट-जांभळं, अंधूक प्रतिबिंब चांगलं. ढळढळीत पांढरं दिसलं तर तिथे कोटिंग नाही. भडक लाल भिंगं दिसली की ती दुर्बीण खाली ठेवा.

आता दूरची विजेची तार किंवा गच्चीची आडवी कड बघा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून लांब न्या. दोन नळ्यांतल्या तारा एका पातळीत राहायला हव्यात. वरखाली झाल्या तर दोन नळ्यांची दिशा जुळलेली नाही. मेंदू ही चूक सांभाळून घेतो, पण अर्ध्या तासाने डोकं ठणकायला लागतं. दीर्घ बैठकीला याहून मोठा दोष नाही, आणि तो नव्या दुर्बिणीतही सापडू शकतो. म्हणून जे मॉडेल पसंत पडलं त्यातला तुम्हाला दिला जाणारा नगच तपासा, मांडून ठेवलेला नमुना नव्हे.

शेवटी पाच मिनिटं सलग बघा. दुकानात पाच मिनिटं खूप वाटतात, तरी बघाच. दुर्बीण खाली घेतल्यावर डोळे ओढल्यासारखे वाटले, किंवा बघताना मध्येमध्ये काळ्या सावल्या फिरल्या, तर किंमत कितीही मोहक असो, ती तुमच्यासाठी नाही.

पैसे किती घालायचे

किमती बदलत राहतात, म्हणून ढोबळ सांगतो. दहा हजारांच्या आसपास चांगली पोरो किंवा अगदी प्राथमिक रूफ मिळते. वीस ते पस्तीस हजारांच्या पट्ट्यात फेज कोटिंग, जलरोधकता आणि बऱ्याचदा ईडी काच एकत्र येतात. नवख्या पण गंभीर माणसासाठी मला हाच पट्टा योग्य वाटतो. स्वारोव्स्की, लायका, झाइस यांच्या वरच्या श्रेणीच्या दुर्बिणी लाखांत जातात. त्या खरोखर वेगळ्या असतात, विशेषतः संधिप्रकाशात आणि चित्राच्या कडेपर्यंतच्या स्पष्टतेत. पण पहिल्या वर्षी तो फरक ओळखायला डोळे तयार नसतात. हाती तीस हजार असतील तर बावीसची दुर्बीण घ्या आणि उरलेले ट्रायपॉड, ॲडाप्टर आणि चांगल्या पट्ट्यावर खर्च करा. तीसच्या दुर्बिणीने हातात धरून दिसणार नाही इतकं त्या जोडीने दिसेल.

घरी आणल्यावर जुळवणी

आपल्या दोन डोळ्यांची नजर सहसा अगदी सारखी नसते, म्हणून एका डोळ्याचा फोकस वेगळा जुळवणारी कडी, म्हणजे डायॉप्टर, असतो. तो बहुतेक दुर्बिणींत उजव्या आयपीसवर, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगावर असतो. दूरची एखादी पाटी निवडा. उजवं पुढचं भिंग हाताने झाका, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला पाटी स्पष्ट करा. आता डावं भिंग झाका, मधल्या चाकाला हात न लावता डायॉप्टर फिरवून उजव्या डोळ्याला तीच पाटी स्पष्ट करा. झालं. तिथे जो अंक किंवा खूण आली ती लक्षात ठेवा, कारण पिशवीत तो सरकतो. एक डोळा मिटून हे करू नका, मिटताना दुसऱ्या डोळ्यावरही ताण येतो. महागड्या दुर्बिणीबद्दलच्या कितीतरी तक्रारी या दोन मिनिटांच्या कामाने मिटतात.

बसायचं कसं, शोधायचं कसं

बहुतेक दुर्बिणींत पुढून, दोन नळ्यांच्या मधल्या बिजागरीवर एक बारीक झाकण असतं. ते फिरवून काढलं की आत पाव इंची आट्याचं छिद्र दिसतं. तिथे ॲडाप्टर लावून दुर्बीण ट्रायपॉडवर बसवता येते. एकदा अशी टेकवून बघा. हातात असताना जे ‘झुडूप’ होतं त्याचे कान हलताना दिसतील. बसून बघायचं असल्याने उंच ट्रायपॉड नको, डोळ्याच्या उंचीला आला की पुरे. माळावर वारा असतो, म्हणून त्याच्या मधल्या खांबाला पिशवी टांगा. ट्रायपॉड नसेल तर गुडघ्यांवर कोपर टेका, मचाणाच्या कठड्यावर वाळूची किंवा तांदळाची छोटी पिशवी ठेवा. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी खांद्यांवरून जाणारा हार्नेस घेतला तर मानेचा भार जातो. पाठ टेकायला काहीतरी हवंच. छोटी घडीची खुर्ची हा चैनीचा भाग समजू नका.

सकाळी पूर्वेकडे पाठ करून बसा, म्हणजे समोरच्या माळावर ऊन पडेल. सूर्याकडे दुर्बीण कधीही वळवू नका. क्षणभरही नाही. उगवत्या सूर्यासमोरून घार जात असली तरी नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो.

पोचल्या पोचल्या दुर्बीण लावू नका. आधी साध्या डोळ्यांनी सगळा परिसर बघा, जवळचं आधी. मग समोरचा माळ मनात पट्ट्यांत वाटा: हा बांध, तो ओढा, पलीकडची बाभळींची रांग. दुर्बीण एका जागी स्थिर धरा, त्या वर्तुळातलं सगळं डोळ्यांनी वाचा आणि मगच अर्ध्या वर्तुळाने पुढे सरका. सरकत्या दुर्बिणीतून हालचाल कळत नाही, स्थिर दुर्बिणीतून लगेच कळते.

पूर्ण प्राणी शोधत बसलात तर तो दिसणार नाही. तुकडा शोधा. गवताच्या उभ्या रेघांमध्ये आडवी रेघ दिसली तर ती पाठ असू शकते. चिंकाऱ्याची काळी शेपटी सारखी हलत राहते, अंगापेक्षा ती आधी दिसते. खोकडाच्या शेपटीचं टोक काळं. बसलेला लांडगा दगडासारखा दिसतो, म्हणून मघाशी नसलेला ‘दगड’ दिसला तर तिथे थांबा. ऊन चढल्यावर बाभळीखालच्या सावल्या एकेक करून तपासा. टिटव्या अचानक ओरडायला लागल्या तर त्या ज्याच्यावर ओरडताहेत ते शोधा. मेंढ्यांचा कळप दिसला तर त्याच्या मागच्या उतारावर नजर ठेवा. लांडगे कुठून येतात ते धनगरांना कुणाहीपेक्षा चांगलं माहीत असतं, त्यांच्याशी दोन शब्द बोला.

साधारण वीस मिनिटांनी दुर्बीण बाजूला ठेवून दूर क्षितिजाकडे बघा, पाणी प्या, मग तोच माळ पुन्हा पहिल्यापासून. मघाशी रिकाम्या वाटलेल्या पट्ट्यात प्राणी असणं ही रोजची गोष्ट आहे, तो फक्त उठून उभा राहिलेला असतो.

उन्हाळ्याच्या तोंडावर दहानंतर जमीन तापते आणि हवा लहरायला लागते. दूरचं सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलतं. हा दुर्बिणीचा दोष नाही आणि लाखाच्या दुर्बिणीनेही तो जात नाही. जास्त पटीची असेल तर लहरीही तितक्याच मोठ्या दिसतात. तेव्हा बैठक आवरा आणि साडेचारनंतर परत या.

अभयारण्यात वनविभागाची परवानगी आणि ठरलेली वाट सोडू नका. लांडग्याची किंवा खोकडाची बीळ दुर्बिणीत दिसली तर तिथूनच बघा आणि जागा कुणाला सांगू नका. संरक्षण खात्याच्या हद्दीजवळ आणि विमानतळांजवळ दुर्बीण बाहेर काढू नका.

निगा

माळावरची मुरमाड धूळ काचेला ओरखडे पाडते. भिंग कधीही कोरडं पुसायचं नाही, सदऱ्याच्या टोकाने किंवा पदराने तर मुळीच नाही. आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ ब्रश, आणि डाग उरलाच तर भिंगाचं द्रावण लावलेलं मायक्रोफायबर कापड. जलरोधक दुर्बीण असेल तर झाकणं काढून साध्या पाण्याची हलकी धार सोडली तरी चालते.

जून ते सप्टेंबर ती चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत ठेवू नका, त्या ओल धरतात. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जेलचा रंग बदलला की त्या गरम करून पुन्हा वापरा. महिन्यातून एकदा भिंगाकडे तिरप्या उजेडात बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे. जुनी दुर्बीण विकत घेतानाही हेच आधी तपासा. बुरशी आतल्या बाजूला असेल तर स्वतः स्क्रू उघडू नका. नायट्रोजन भरलेली दुर्बीण घरी उघडली की तिची जलरोधकता संपते आणि नळ्यांची दिशा बिघडण्याचा धोकाही असतो. ती कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडे द्या, आणि त्यासाठी पावती व हमीपत्र खरेदीच्या दिवसापासूनच जपून ठेवा.